सबनीस बाईंची मोजणी

सबनीस बाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पाणी मागायच्या. चहा नको, सरबत नको, पाणी. आणि पाणी हातात येईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. आणायला कोण उठलं, फ्रिजमधून आणलं की माठातून, माठ स्वतःचा की शेजारणीकडे धावावं लागलं, पेला पुढे करताना हात अवघडला का. बाहेर पडल्यावर मला म्हणायच्या, "रेखा, निम्मं घर मला पाण्यातच कळलं. उरलेलं विचारून घेतलं."

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत त्या सामाजिक विज्ञान शिकवायच्या. मी आधी त्यांच्या वर्गात होते आणि पुढे त्याच शाळेच्या प्राथमिक विभागात नोकरीला लागले. माझे वडील कारखान्यात खलाशी होते, क्रेनच्या हुकाला साखळ्या बांधायचं काम. आम्ही मुलताईकडचे, मध्यप्रदेशातलेच मराठी बोलणारे. आमच्या अख्ख्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली केलेला नाही. पण कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपराला जे घोकलं ते केव्हाच उडून गेलं. राज्यात माणसं राहतात म्हणजे कोण राहतात, कशावर राहतात, हे माझ्या डोक्यात बसवलं ते बाईंनी.

भोपाळच्या त्या टाउनशिपमध्ये माणूस नावाने ओळखला जात नसे, क्वार्टरच्या टाइपाने ओळखला जाई. आम्ही टाइप वन, सगळ्यांत लहान. सबनीस साहेब ट्रान्सफॉर्मर विभागात इंजिनिअर, ते टाइप फोर. त्यापुढे बंगले, बंगल्यांपुढे गुलमोहर, आणि सगळ्यांभोवती कारखान्याची भिंत. बायका एकमेकींबद्दल बोलताना "ती थ्री टाइपवाली भाभी" असंच म्हणायच्या. आनंद नगरच्या बाजारातला भाजीवालासुद्धा पिशवी बघून टाइप ओळखायचा आणि त्याप्रमाणे भाव सांगायचा.

बाई बुटक्या, चालायला भरभर, आणि एका गुडघ्याने कायम तक्रार करणाऱ्या. चालायचा वेग मात्र त्या गुडघ्याला विचारून ठरवायच्या नाहीत. पदर कमरेला खोचलेला, मनगटावर साहेबांचं जुनं घड्याळ. पुण्यात जन्मलेल्या, भोपाळात अर्धं आयुष्य काढलं, तरी त्यांची हिंदी काही सुधारली नाही. "बच्चों, हल्ला मत करा," असं त्या म्हणाल्या की मागचे बाक खदखदायचे. बाईंना राग येत नसे. "हसा, हसा. हसून झालं की उत्तर द्या." आणि उत्तर मिळेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत. हा त्यांचा खरा स्वभाव. एकदा प्रश्न विचारला की तो परत घ्यायचा नाही.

आम्ही नववीत असताना मध्यप्रदेशाच्या लोकसंख्येचा धडा आला. छत्तीसगढ तेव्हा आपल्यातच होतं. पुस्तकात शेतमजूर इतके टक्के, आदिवासी इतके टक्के, साक्षर इतके. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?" सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, मम्मी. "आणि ती काय काम करते?" पुन्हा सगळ्यांचं एकच उत्तर. कुछ नहीं, घर पे रहती है.

बाईंनी खडू खाली ठेवला. मग एक फर्मान काढलं. येत्या रविवारी प्रत्येकानं आपला टाइप सोडून दुसऱ्या टाइपाच्या घरी जायचं, आणि तिथं कोण राहतं, कुठून आलं, कशासाठी आलं, कोण काय करतं, हे विचारून यायचं. चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या घराची चिठ्ठी निघाली जनरल मॅनेजरांच्या मुलीच्या हाती.

आईनं आदल्या दिवसापासून घर घासलं. ती मुलगी आली, बाजेवर बसली, आणि अगदी गंभीरपणे विचारू लागली.

"आंटी, कितने कमरे हैं?"

"डेढ़," आई म्हणाली.

"आधा कमरा कैसे होता है?"

"रात को चौका धो के उसमें सो जाते हैं ना, तो वो आधा कमरा हो जाता है. सबेरे फिर चौका, खाना बनाने को."

मुलीनं ते तसंच उतरवून घेतलं. जाताना आईनं तिला डिंकाचा लाडू दिला. सोमवारी तिच्या घरून प्रिन्सिपलांकडे तक्रार आली, मुलांना नको तिथं पाठवलं म्हणून. बाईंना बोलावणं गेलं. प्रिन्सिपल म्हणाले, "मैडम, कोर्स में तो ये है नहीं." बाई म्हणाल्या, "कोर्स में लिखा है जनसंख्या. मैंने दिखा दी." आणि पुढच्या वर्षीच्या नववीलाही हेच केलं, तक्रारीचा कागद टेबलावर असताना.

मी शाळेत लागले त्यानंतर जनगणना आली. शिक्षकांना ड्यूटी लागलीच. स्टाफरूममध्ये नुसती रड सुरू झाली. कुणाची पाठ दुखू लागली, कुणाच्या मेहुणीचं लग्न निघालं. एकट्या सबनीस बाई अशा खूश, की बघणाऱ्याला वाटावं यांना बढती मिळाली. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे फळ्यावर शिकवत आलेय. आता सरकार मला सांगतंय, जा, दारादारात जाऊन बघ. मी काय नाही म्हणू?"

त्यांच्याबरोबर फिरताना बघितलेलं एक दार मला विसरता येत नाही. थ्री टाइपमधलं घर. गृहस्थ दारातच उभे, आत बोलवायची तयारी नाही. सगळी उत्तरं तेच देत होते.

"पत्नी काम करती हैं?"

"नहीं जी, ये कुछ नहीं करतीं."

आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बाई ऐकत उभ्या राहिल्या.

"फिर ये मशीन कौन चला रहा है?"

"वो तो ऐसे ही. मोहल्ले की औरतें साड़ी दे जाती हैं, फॉल लगाने को. टाइमपास."

"पैसे देती हैं?"

"हाँ, थोड़े-बहुत."

"मुझे थोड़ा पानी मिलेगा?"

आता पाण्यासाठी बायकोला बाहेर यावंच लागलं. बाईंनी पेला हातात घेऊन थेट तिलाच विचारलं, की वर्षभर शिवता की सणासुदीलाच? तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, वर्षभर. मुलाच्या कोचिंगची फी यातूनच जाते. बाईंनी तिच्या नावापुढे काम लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि गृहस्थांना म्हणाल्या, "भाई साहब, आपके घर में दो कमाने वाले हैं. बधाई हो." त्यांना आनंद झाला की अपमान वाटला, ते त्यांनाही समजलं नसावं. दार लागल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं, या वेळी जरा जोरात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

माझा आणि बाईंचा ब्लॉक, म्हणजे मोजायला दिलेला भाग, शेजारी शेजारी होता. माझ्या नकाशात हद्द पलीकडून नाल्यापर्यंत होती. बाईंच्या नकाशात हद्द कारखान्याच्या भिंतीपर्यंत. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की भिंत आणि नाला यांच्या मधली पट्टी कुणाच्याच हद्दीत नाही. आणि त्या पट्टीत एक अख्खी बस्ती होती. कारखाना बांधायला जी माणसं आणली होती त्यांतली कित्येक परत गेलीच नाहीत, तिथंच खोपटं घालून राहिली. त्यांतले पुरुष आत ठेकेदाराकडे मजुरी करत, बायका टाउनशिपच्या क्वार्टरांत भांडी घासत. बाईंच्या घरी काम करणारी रामकली तिथलीच. रोज सकाळी भिंतीतल्या खिंडारातून यायची आणि त्याच वाटेनं परत जायची.

"म्हणजे ही माणसं राहिलीच की गं," बाई म्हणाल्या.

आमच्यावर सुपरवायझर होते तिवारीजी, दुसऱ्या शाळेतले शिक्षक. त्यांना दोन्ही नकाशे दाखवले. ते म्हणाले, "मैडम, जमीन कारखाने की, तो नगर निगम कहेगा हमारी नहीं. और कारखाना कहेगा ये हमारे आदमी नहीं. आप क्यों बीच में पड़ती हैं? नक्शे में नहीं है, तो नहीं है."

"वो मेरे घर के बर्तन मांजती है," बाई म्हणाल्या. "आपका नक्शा बोलता वो नहीं है. तो मेरे बर्तन कौन मांजता?"

तिवारीजी हसले. बाई हसल्या नाहीत. परतताना वाटेत मी विचारलं, मोजून त्यांना काय मिळणार आहे?  बाई म्हणाल्या, "कदाचित काहीच नाही. नळ मागायला गेले तर पहिला प्रश्न येणार, किती लोक आहात. तेव्हा सांगायला आकडा असेल, एवढंच. आकडाच नसला तर मागायचं तरी कुणाच्या नावानं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वतः गेरू कालवून घेऊन गेल्या. मोजणीआधी घरांना नंबर घालावे लागतात, तसे त्यांनी एकेका दारावर घातले. दाराला लाकूड नव्हतं तिथं पत्र्यावर, पत्रा नव्हता तिथं कुडाच्या भिंतीवर. माणसं बघत होती. रामकली तेव्हा कामावर होती.

सकाळी आम्ही फॉर्म घेऊन गेलो, तर एकाही दारावर आकडा नव्हता. सगळीकडे ओल्या फडक्याचे लाल फराटे. दारं लावलेली. एकटे बिसाहू काका, बस्तीतले सगळ्यांत म्हातारे, बाजेवर बसले होते.

"यहाँ कोई नहीं रहता, मैडमजी."

त्यांच्यामागे चूल धुमसत होती आणि दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते.

"और आप?" बाईंनी विचारलं.

"मैं तो घूमने आया हूँ."

मला हसू आवरेना. तेवढ्यात रामकली दार उघडून बाहेर आली आणि तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं.

"बाई, इत्ते साल आपके बर्तन घिसे हमने. और आप हमारे दरवाज्जे पे लाल नंबर डाल गईं?"

मग तिच्या बोलण्यातून उलगडा झाला. काही काळापूर्वी सडक रुंद करायची म्हणून पलीकडच्या बाजूच्या खोपट्यांवर असेच लाल आकडे पडले होते, आणि आकड्यांच्या मागोमाग घरं पाडायचं मशीन आलं होतं. तिथून उठलेली काही घरं याच बस्तीत येऊन राहिली होती. दारावर लाल आकडा दिसला की पुढं काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून पहाट व्हायच्या आत बायकांनी सगळे नंबर धुऊन टाकले.

"ये वो नंबर नहीं है, रामकली. ये गिनती का नंबर है."

"उन्ने भी गिन के ही तोड़े थे."

 मी हळूच मराठीत म्हटलं, "बाई, सांगा ना त्यांना, घरं पडणार नाहीत म्हणून. एवढं म्हटलं की लिहून देतील सगळे."

"पाडणं न पाडणं माझ्या हातात आहे का?" बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "मग कसं सांगू?"

त्या तशाच उभ्या राहिल्या. आता माघारी फिरतील असं मला वाटलं. पण प्रश्न विचारून झाला होता, आणि बाई हलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या हळूहळू, दुखऱ्या गुडघ्यावर हात रोवून, रामकलीच्या दारासमोर जमिनीवर बसल्या. फॉर्म माझ्या हातात दिला.

"रेखा, तू एकेक प्रश्न वाच. रामकली, आज तू मेरे को पूछ. जो मैं तुझे पूछने वाली थी, वो सब तू मेरे को पूछ. कुछ छोड़ना नहीं."

रामकली गोंधळली. दारं एकेक करून किलकिली झाली. मी वाचलं, नाव. रामकलीनं विचारलं, "नाम?"

"मालती."

आजूबाजूच्या बायका हसल्या. इतकी वर्षं त्यांच्यासाठी ही फोर टाइपवाली बाई होती. हिला नाव असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वय विचारल्यावर बाईंनी खरं वय सांगितलं. आमच्या स्टाफरूममध्ये ते कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि मी ते इथंही लिहिणार नाही.

"पैदा कहाँ हुईं?"

"पूना में."

"तो यहाँ काय को आईं?"

"आदमी को काम मिला."

"हम भी येई के लाने आए," मागून एक बाई म्हणाली, म्हणजे आम्हीही यासाठीच. आता रामकलीला रंग चढला. ती पुढचे प्रश्न माझ्या वाचण्याची वाट न बघता विचारू लागली.

"मकान किसका है? आपका?"

"नहीं. कारखाने का."

"साब रिटायर हो जाएँगे, तब?"

"खाली करना पड़ेगा."

"फिर कहाँ जाओगी?"

बाई पहिल्यांदाच अडखळल्या. "पूना में जेठजी का मकान है. उनका मन हुआ तो वहाँ. नहीं तो मालूम नहीं."

 टाइप फोरच्या गॅलरीतल्या कुंड्या, पडदे, फ्रिज, रोज पुसून काढलेलं ते घर रामकलीच्या डोळ्यांपुढे आलं असावं.

"तो आपको भी निकालेंगे," ती म्हणाली.

"निकालेंगे."

"और आपके दरवाज्जे पे भी ये वाला नंबर है?"

"है. मैंने ही डाला. चल के देख ले."

बिसाहू काका बाजेवरून म्हणाले, "अच्छा, ये बताओ, काम क्या करती हो?"

"पढ़ाती हूँ."

"और घर का काम?" हे रामकलीनं विचारलं.

"आधा मैं करती, आधा तू."

"आधा?"

"अच्छा बाबा. आधे से ज्यादा तू."

बायका खो खो हसल्या. रामकलीही हसली, पण लगेच गंभीर झाली, आणि बाईंसमोर मांडी घालून बसली. "लिखो. रामकली. और मुखिया में भी मेरा ही नाम लिखो. आदमी गया सो लौटा नहीं. घर मैं चलाती हूँ."

त्यानंतर सगळी बस्ती लिहिली गेली. बिलासपूरकडचे सगळ्यांत जास्त, मंडल्याचे गोंड, सागरहून आलेलं बिड्या वळणारं एक कुटुंब, आमच्या मुलताईचंही एक घर. तिथली आजी माझ्याशी चक्क मराठीत बोलायला लागली. पुस्तकातल्या ज्या टक्क्यांवर आम्ही परीक्षेत गुण मिळवले होते, ते टक्के चुलींपुढे बसून आपापली नावं सांगत होते. वय मात्र कुणालाच माहीत नव्हतं. बिसाहू काका म्हणाले, कारखान्याची बड़ी चिमणी उभी राहिली तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या. एक बाई म्हणाली, पहिलं मशीन मालगाडीतून उतरलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. बाई एकेकाला खोदून विचारत राहिल्या. तेव्हा लग्न झालं होतं का, थोरला मुलगा चालायला लागला होता का. असं करत करत वय जवळपास आणायच्या आणि मगच लिहायच्या. अंदाजे काहीतरी टाकून दिलं, असं एकदाही केलं नाही.

गठ्ठा घेऊन तिवारीजींकडे गेलो तर त्यांनी हात लावला नाही. बाई त्यांच्याच टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. पिशवीतून आठवीचे चाचणीचे पेपर काढले आणि तपासायला लागल्या. तिवारीजी बाहेर जाऊन आले, बाई तिथंच. चहा पिऊन आले, बाई तिथंच. शाळा सुटायच्या सुमाराला त्यांनी कपाळाला हात लावला.

"ठीक है मैडम. जोड़ देता हूँ. लेकिन एक भी एंट्री गलत निकली ना, तो पूरी गड्डी वापस. मैं ऊपर जवाब देने नहीं जाऊँगा."

"एक भी नहीं निकलेगी," बाई म्हणाल्या.

पुढे सबनीस साहेब निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि बाई पुण्याला गेल्या. स्टेशनवर निरोप द्यायला मी गेले होते. पण मला बाई आठवतात त्या तिथल्या नाहीत. मला आठवते ती मोजणी संपल्यानंतरची सकाळ.

मोजणीचा एक कडक नियम असतो. फेब्रुवारी संपून मार्च लागतो, त्या क्षणापर्यंत जो जन्मला तो मोजायचा. त्यानंतरचा नाही. मार्चच्या पहिल्या दिवसांत पुन्हा दारोदार फिरायचं आणि मधल्या काळात कोणी जन्मलं का, कोणी गेलं का, एवढं बघून दुरुस्ती करायची. मी बाईंच्या घरी फॉर्म घ्यायला गेले होते, तोच रामकली धावत आली. जे लोक आपण इथं राहतच नाही म्हणत होते, त्यांच्यातली ही बाई आज स्वतःहून सांगायला आली होती.

"बाई, एक बढ़ गया हमारे में! बहू को लड़की हुई. चलो, लिखो."

बाई उठल्याच. चपला घालता घालता विचारलं, "कब हुई?"

"आज ही. सबेरे पानी भरने के टैम."

बाईंचा हात थांबला. एक मार्चची पहाट. रामकलीच्या ते ध्यानात आलं, कारण मोजणीच्या वेळी तिनंच खोदून खोदून नियम समजून घेतला होता.

"तो रात की लिख लो," ती म्हणाली. "जरा-सी तो बात है. कौन देखने आ रिया?"

खरंच, कोण बघणार होतं? दाई बस्तीतली, साक्षीला बस्तीतल्याच बायका. बाईंच्या जागी मी असते तर लिहून टाकलं असतं, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नसतं. बाई म्हणाल्या, "नहीं, रामकली."

"काय को नहीं? मेरी पोती है!"

"एक झूठा लिखा, तो तिवारीजी सबका कागज फेंक देगा. उसको बहाना ही चाहिए. फिर तू भी गई, बिसाहू काका भी गए, सब गए."

रामकलीचे डोळे भरले. "मतलब वो है ही नहीं."

 बाईंनी फॉर्म घरीच ठेवला आणि रामकलीच्या मागोमाग निघाल्या. मीही गेले. भिंतीच्या खिंडारातून, नाल्याकडेनं, थेट त्या घरी. सून बाजेवर होती. बाईंनी मूल मागून घेतलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली. बातमी पसरली होती, बायका गोळा झाल्या. तोंडं उतरलेली.

"सुनो," बाई म्हणाल्या. "अगली गिनती दस साल बाद आएगी. तब ये लड़की दस साल की रहेगी. दरवाजे पर ये खुद खड़ी रहेगी, और खुद बताएगी."

"दस साल," बिसाहू काका बाजेवरूनच म्हणाले. "तब तक हम यहाँ होंगे, मैडमजी?"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी धीराचं बोलतील. बाई म्हणाल्या, "वो मेरे को मालूम नहीं. यहाँ नहीं तो जहाँ रहेगी वहाँ बताएगी. लेकिन बताएगी बराबर." मग मोजणीच्या वेळी वयाबद्दल विचारून विचारून जिला हैराण केलं होतं, त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "तेरा जनम कब का?"

"का पता. मशीन उतरी थी तब गोद में थी."

"इसको कोई पूछेगा तो ये ऐसा नहीं बोलेगी. बोलो सब मेरे साथ. एक मार्च. सबेरे, पानी भरने का टाइम."

बायका आधी लाजल्या. एकदोघी पुटपुटल्या. बाईंनी वर्गात लावायच्या तो आवाज लावला. "जोर से. पीछे वाली, तू भी."

रामकली सगळ्यांत शेवटी बोलली, पण बोलली. एक मार्च. मला माझ्या ब्लॉकमध्ये जायचं होतं, उशीर झाला होता. नाला ओलांडून वर आले आणि मागे वळून बघितलं. बाई त्या उंबऱ्यात, मांडीवर ते मूल, पाय लांब केलेला, आणि समोरच्या बायकांना त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत होत्या.